दुप्पट गाणी मावणारी फीत

परवा सुनेने माझ्या जुन्या कॉम्प्युटरची मेमरी वाढवून आणली. दुकानदाराने तिला सांगितलं होतं, काळजी करू नका, जुनं काही जात नाही. मी मात्र सगळे फोटो आधीच दुसरीकडे काढून ठेवले होते. सून हसली. हसू दे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तोंड सत्तरच्या दशकात पोळलंय, केनवडला, आमच्याच ओसरीवर.

माझी थोरली बहीण मेडशीला दिली होती. भाऊजी मास्तर. त्यांनी कुणाचा तरी जुना टेपरेकॉर्डर विकत घेतला होता. दोन चकऱ्या, आणि एकीवरून दुसरीवर गुंडाळत जाणारी तपकिरी फीत. आमच्याकडे तेव्हा वीज नव्हती, मशीन सेलवर चालायचं. ताई भुलाबाईच्या दिवसांत, कोजागिरीच्या सुमारास, माहेरी आली तेव्हा भाऊजींनी आम्हा पोरींची गाणी त्यात भरून घेतली. ताई ओळीच्या मध्येच दम घ्यायची, भलत्याच ठिकाणी. गाणं संपलं की झाकलेली खिरापत ओळखायची असते. मी ‘फुटाणे’ म्हणाले, ते चुकलं, आणि ताई खो खो हसली. तेही त्यात आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ताई बाळंतपणात गेली. बाळही गेलं. ताईचा एक फोटोसुद्धा नव्हता. लग्नात फोटोवाला बोलवावा असं कुणाला सुचलंच नव्हतं. मागे राहिली ती फीत. भुलाबाई बसली की भाऊजी एसटीने मशीन घेऊन यायचे, ओसरीवर लावायचे, आणि आई पदर तोंडाला लावून ऐकायची. मी त्या दिवसाची वर्षभर वाट बघायची.

भाऊजींनी दुसरं लग्न केलं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. रीतीप्रमाणे नव्या बाईने ताईच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घातला. पहिलीचा टाक दुसरीने घालायचा, रोज त्याला कुंकू लावायचं, आणि पहिलीचं माहेर ते आपलं माहेर मानायचं.

संक्रांतीला भाऊजी मशीन न घेताच आले.

“अकोल्याले दुकानात टाकलं,” म्हणाले. “आता त्याच्यात लांब फीत बसते, पातळ. दुप्पट गाणे मावतात.”

“अन् ताईचं?”

“ते नव्या फितीवर उतरवून देते तो. काही जात नाही व पोरी. मी हावो ना.”

ताईच्या चितेपुढे हा माणूस पोरासारखा रडला होता. मी विश्वास ठेवला.

भुलाबाईला ते दोघं मिळूनच आले. मशीन स्वच्छ पुसलेलं होतं, चकऱ्या नव्या होत्या. आई पुढे सरकून बसली. भाऊजींनी खटका दाबला आणि गाणं सुरू झालं. तेच गाणं, तीच चाल, फक्त दम कुठेही तुटत नव्हता. गाणं संपलं, पुढे नुसती खरखर. कुणी फुटाणे म्हणालं नाही, कुणी हसलं नाही.

“हे ताई नाही,” मी म्हणाले. “भाऊजी, हे कोन हाये?”

भाऊजी खटका बंद करायला वाकले. बोलली ती नवी बाई, अगदी साधेपणाने.

“मी म्हनलं ते. सासूबाई म्हने, गेलेल्या बाईचा आवाज घरात नोको. म्हनून पुसून टाकलं. मंग हे म्हने, केनवडच्या मायले काय आयकवाव? तू म्हन.”

म्हणजे मशीनची चूक नव्हती, अकोल्याच्या दुकानदाराचीही नाही. यांनी ठरवून पुसलं, वर दुसरीकडून म्हणवून घेतलं आणि आमच्यासमोर आणून लावलं, आईच्या डोळ्यांत धूळ फेकायला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आता आई या माणसाला उंबऱ्याबाहेर काढणार, याची मला खात्री होती.

आई उठली. त्या बाईजवळ गेली. तिच्या गळ्यातला टाक हातात धरून तिने पाहिला. त्यावर सकाळचं कुंकू होतं.

“माय, तिनं सांगतलं ना आत्ता,” मी ओरडले. “आपल्या ताईले पुसलं यायनं!”

“वरडून काहून राह्यली?” आई म्हणाली. “टाक घातला ना हिनं? मंग हेच माही लेक. गेलेली का मशीनमंदून येते काय?”

मग तिने त्या बाईला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. माझ्या जागेवर.

भाऊजींवरचा राग मला आयुष्यभर पुरला, पण त्याचं ओझं कधी वाटलं नाही. परक्या माणसाने दगा दिला, एवढंच. आईचं तसं नाही. तिने फसवणूक ओळखली आणि मुकाट्याने पदरात घेतली, कारण तिला माहेरी येणारी लेक हवी होती. कुठलीही.

“जवाईबापू,” ती म्हणाली, “पुन्हा लावा.”

त्यांनी लावलं. आईने या खेपेला पदर तोंडाला लावला नाही. तिने टाळ्यांचा ठेका धरला, त्या बाईनेही धरला, आणि आमच्या घरात ताईसाठी रडणारी मी एकटी उरले.