टॅबवर न मावलेलं चौथं नाव

मी सांडूभाऊ, अर्जनवीस. तीस वर्षं झाली, तहसीलसमोर लिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. अक्षर मोत्यासारखं आहे. अकलेचं तुम्हीच ठरवा.

डोळे अधू झाले तवा डॉक्टर म्हणाले, चष्मा घ्या. चष्म्यानं म्हातारा दिसलो असतो, म्हणून मी मोठ्या पडद्याचा टॅब घेतला. छावणीच्या बाजारातून आणला, टॅब आडवा उभा करणाऱ्या कव्हरासकट, अन् रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसंल असा टेबलावर मांडला. शेजारचे अर्जनवीस जळायला लागले. निदान मला तरी तसं वाटायचं.

अर्ज भरायचं ॲप मोबाईलसाठी बनवलेलं. टॅबवर ते नुसतं फुगायचं. एकेक रकाना पाटाएवढा, बटणं भाकरीएवढी. वारसांच्या पानावर तीन रकाने आले की पडदा संपला! पान वर सरकायलाही तयार नाय. मी म्हणलं, तिघांचीच सोय दिसतीय. अन् गिऱ्हाइकांनाही तसंच ठणकावून सांगायला लागलो, जसा काय कायदा मीच लिहिलाय.

महिन्याभरानं लाडसावंगीच्या मालनबाई आल्या. सोबत लेक, करुणा. मालनबाईंचा नवरा वारलेला, जमिनीला वारसांची नावं लावायची होती. "जय भीम, भाऊ," म्हणून बसल्या अन् नावं सांगितली. आधी स्वतःचं, मग दोन पोरांचं, मग करुणाचं.

आमच्या धंद्याचा दस्तूर आहे, लिहिलेलं वाचून दाखवायचं, मगच अंगठा घ्यायचा. मी घसा खाकरून खणखणीत वाचलं. बाईंना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

"भाऊ, तीनच झाले. माझ्या करुणाचं?"

"मावशी, ॲपमधी तिघांचीच जागा आहे. वरूनच तसं आलंय, आपल्या हातात काय?"

"जागाच नाय?"

"नाय."

मालनबाईंनी विचारही केला नाही. "मंग माझं काढा अन् तिचं घाला. मी काय, आज हाय, उद्या नाय."

"आई, गप गं," करुणा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिनं आपला मोबाईल काढला, तेच ॲप उघडलं अन् माझ्यापुढं धरलं. तिसऱ्या रकान्याखाली बारीक बटण होतं, 'आणखी वारस जोडा'. टॅबवर ते पडद्याच्या खाली गेलेलं.

"काका, इथं दहा माणसं मावतात," ती म्हणाली.

माझं पार पाणी पाणी झालं. अर्ज तिच्याच मोबाईलवर भरला. अक्षरं दिसंनात, तवा शेजारच्या अर्जनविसाचा चष्मा मागितला. त्यानं दिला, वर दात काढून हसलाही. मालनबाईंनी चौथं नाव दोनदा वाचायला लावलं, मगच अंगठा टेकवला.

त्या गेल्यावर मी महिन्याभराचे अर्ज काढून बसलो. सहा अर्ज तीन-तीन नावांचे. पोरांची नावं आधी सांगायची आपल्याकडं रीत, म्हणून पडद्याखाली गेल्या त्या लेकीच. सहा घरांतल्या एकानंही विचारलं नव्हतं, लेकीचं काय म्हणून.

त्यातला पहिला अर्ज आमच्याच घरचा होता, वडील, म्हणजे आबा गेल्यावरचा. सांडू, कडुबा, माऊली. तिघं भाऊ. थोरल्या बहिणीचं, आशाक्काचं नाव नव्हतं. तवाही मी भावांना सांगितलं होतं, जागाच नाय, करता काय? अन् खरं सांगतो, जागा नाय म्हणल्यावर मला जरा बरंच वाटलं होतं. आता त्या टॅबला काय शिव्या द्यायच्या? माझी मलाच लई लाज वाटली.

आक्काला फोन लावला.

"आक्का, आधार कार्ड घेऊन ये. जमिनीला तुझं नाव लावायचं राहिलंय."

आक्का म्हणाली, "राहिलं व्हय? मला वाटलं, तुम्ही तिघांनी ठरवूनच सोडलं."