मोहोळचा समुद्र

माझा मेहुणा मुंबईला राहतो, आणि मुंबईत राहणाऱ्या माणसाला शनिवार-रविवार मुंबईत काढणं कमीपणाचं वाटतं, हे मला लग्नानंतर कळलं. त्याआधी माझी समजूत होती की माणसं मुंबईला जातात ती तिथे राहायला. मेहुण्याचे सोमवार ते शुक्रवार मात्र शनिवारी कुठे पळायचं हे ठरवण्यात जातात. "भावोजी, फक्त दोन तासांचा ड्राइव्ह आहे," हे त्याचं लाडकं वाक्य. ते दोन तास मी तीन वेळा भोगलेत. पहिल्यांदा ते साडेपाच तास चालले, दुसऱ्यांदा सहा, आणि तिसऱ्यांदा मी घड्याळाकडे बघणंच सोडून दिलं.

तिथल्या रिसॉर्टवर पोहोचल्यावर निवांत व्हायचं असतं. निवांत होण्याचे नियम खोलीच्या दारामागे लावलेले असतात. दुपारी दोनच्या आधी खोली मिळणार नाही, दुसऱ्या दिवशी अकराच्या आत सोडायची. नाश्ता दहाला बंद होतो, म्हणून मेहुणा आम्हाला सातला उठवतो, म्हणजे आराम करायला वेळ मिळावा. पोहण्याच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत, डोक्याला रबरी टोपी लागते, आणि काठावर शिट्टी घेतलेला एक माणूस आपण नीट मजा करतोय ना यावर लक्ष ठेवून असतो. संध्याकाळी 'रेन डान्स'. आडव्या पाइपाला भोकं पाडून त्यातून पाणी उडवतात आणि खाली चांगली शिकली-सवरलेली माणसं नाचतात. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा नकळत व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधायला लागलो होतो. आमच्या गल्लीत पाइप फुटला तर लोक बादल्या घेऊन धावतात, नाचत नाहीत.

समुद्र तिथून दहा मिनिटांवर होता. तिन्ही वेळा आम्ही फोटोपुरते तिथे गेलो. परत गाडीत बसण्याआधी मेहुण्याने बाटलीबंद पाण्याने सगळ्यांचे पाय धुवायला लावले, कारण सीटला वाळू लागते.

ही सगळी वर्णनं मी घरी आलो की आईला सांगायचो, आणि बाटलीबंद पाण्याशी आल्यावर ती दरवेळी कपाळाला हात लावायची. मग एकच विचारायची, "आन पानी खरंच येतं का रं पायापतूर?"

आईचा हा प्रश्न जुना आहे. तिचं माहेर सांगोल्याकडच्या माळावरचं, मेंढरं राखणारं. दिवाळी झाली की तिचा बाप मेंढरं घेऊन चालत कोकणात उतरायचा. आई लहान म्हणून तिला गावीच ठेवायचे, आणि चालायच्या वयाची झाली तेव्हा तिचं लग्न लावून दिलं. बाप परत आला की सांगायचा, तिथं पाण्याला जावं लागत नाही, पाणीच चालत आपल्या पायापर्यंत येतं. पण मेंढरं हुंगतात आणि तोंड फिरवतात, इतकं ते खारट. आईला खारटाचं काही वाटलं नाही. डोक्यावर घागर घेऊन दोन-दोन मैल पाण्याला जाणाऱ्या पोरीला चालत येणाऱ्या पाण्याचं वेड लागलं, ते आजतागायत.

मग तीन वेळा समुद्राला जाऊन आलेल्या मुलाने तिला का नेलं नाही? उत्तर सोपं आहे आणि सोलापुरातल्या कुणालाही पटेल. पाण्याचा दिवस. आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते सकाळी येईल की दुपारी, हे आल्यावरच कळतं. त्या दिवशी घरात कुणीतरी हवं. टाकी, पिंप, घागरी, कळशा आणि शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची असतात. हे कुणीतरी म्हणजे आई. बॅगा भरायला घेतल्या की तीच म्हणायची, "तुमी जा. पानी यायचंय." आणि आम्ही जायचो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटायचं. तिचे गुडघे, तिची मिश्री, दर तासाला गाडी थांबवायला लावणं आणि मेहुण्याच्या त्या सीटा, हे सगळं एका वाक्यात मिटायचं. मी एकदाही म्हणालो नाही की पाणी राहू दे, तू चल.

दोन वर्षांपूर्वी तिने माझ्या मोबाइलवर लाटांचा व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "मला एकदा न्ये की." आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी "नेतो की" म्हणालो, आणि कचेरीत अर्ज आला की आम्ही त्याला जसं पुढच्या आठवड्यावर टाकतो तसं टाकलं. आईने मात्र तो शब्द समोरच्या मावशींना सांगून टाकला. मावशींच्या घरात माग आहे. त्या घरात तेलुगू बोलतात, नळावर मराठी. दर पाण्याच्या दिवशी माझ्यासमोर आईला विचारायच्या, "काय हो, समुद्र कधी?" आई म्हणायची, "न्हेनार हाय की." माझ्याकडे कुणी बघायचं नाही, पण मला बघितल्यासारखं वाटायचं.

अशात पुणे रस्त्यावर, मोहोळच्या अलीकडे, मला तो फलक दिसला. 'सोलापूरकरांचा हक्काचा बीच! अवघ्या पाऊण तासात!' कुणा बागायतदाराने आपल्या शेततळ्याभोवती वाळू टाकून समुद्र केला होता. मला त्याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी हिशोब केला तो वेगळाच: पाणी गुरुवारी येऊन गेलं, शनिवारी सुट्टी, सकाळी निघून संध्याकाळी घरी. घरी येऊन मी म्हणालो, "आई, उद्या समुद्राला जायचं." कुठल्या, ते सांगितलं नाही. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पंखा साफ करायला घेतला.

आईने नवं इरकल नेसलं. भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली. निघताना मावशींच्या दाराशी उभी राहून "निगाले बगा," असं सांगितलं, तेही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. गाडी पाऊण तासात फलकापाशी वळली तेव्हा ती म्हणाली, "एवढ्यात आलं? माज्या बाला तर महिना लागायचा."

"आता रस्ते चांगले झालेत," मी म्हणालो.

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं.

आत नारळाची झाडं होती, काठ्यांना बांधून उभी केलेली. बांबूच्या छत्र्या होत्या. फोटो काढायला एक चौकट होती, तिच्यात डोकं घालायला लोक रांगेत उभे होते. 'लाइफगार्ड' लिहिलेला बनियन घालून एक गृहस्थ लिंबाखाली डबा खात बसले होते, आणि पाणी फार तर मांडीएवढं. त्या टोकाला एक मोटर आणि एक मोठी फळी होती. फळी हलली की लाटा. शेजारी वेळापत्रक: लाटा अकरा ते बारा, चार ते पाच. आम्ही अकराला पोहोचलो आणि लाइट गेली. व्यवस्थापक धावत आले आणि आईला आदराने म्हणाले, "बसा की आज्जी. लाइट आली की लगेच लाटा सोडतो."

आई बसली नाही. पाण्यापासून दोन हात अंतरावर, चपला काढून, लुगडं जरा वर धरून ती उभी राहिली. पाण्याच्या दिवशी नळापाशी उभी राहते तशीच. बायको म्हणाली, "आत्या, सावलीत या." ती "येतंय, येतंय" म्हणाली. ते ती बायकोला म्हणत होती की पाण्याबद्दल, ते मी विचारलं नाही. पाऊण तास झाला. एकदा तिने मागे वळून मला विचारलं, "आज काय झालंय त्याला?" मी म्हणालो, "येईल." मला त्या क्षणी मेहुण्याचा हेवा वाटला. तो बाटलीबंद पाण्याने पाय धुतो, पण समुद्र तरी खरा दाखवतो.

शेवटी पाणी येईना म्हणून तीच पाण्याकडे गेली. काठाची वाळू सरकली होती आणि खालचा काळा प्लास्टिकचा कागद उघडा पडला होता. ती त्यावर पाय ठेवून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. वाकून ओंजळ भरली, तोंडाला लावली, आणि घोटभर प्याली.

"गोडं हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "ह्ये मेंढरं पितील की."

मला लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. आईने मात्र तोंड वाकडं केलं नाही. छत्रीखाली बसून तिने भाकरी सोडली, माझ्या हातावर चटणी घातली आणि ऊस कुणाचा चांगला आलाय ते बायकोला दाखवत राहिली. आम्ही निघत होतो तेव्हा लाइट आली. शिट्टी वाजली, फळी हलली, पाणी वीतभर हललं आणि सगळा मोहोळचा किनारा ओरडत आत शिरला. मी म्हणालो, "आई, लाटा सुटल्या."

"सुटू दे," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

घरी पोहोचलो तर मावशी दारातच. "पाहिला का समुद्र?" त्यांनी विचारलं. मी बुटाची नाडी सोडायला खाली वाकलो.

"बगितला की," आई म्हणाली. "लई मोठा. ह्या टोकाचं त्या टोकाला दिसत न्हाय. आन पानी आपसूक येतंय पायापतूर. लेकानं हाताला धरून उभं केलं बगा." आणखी दोघी बायका जमल्या. त्यांनाही तिने सगळं सांगितलं, तिच्या बापाने तिला सांगितलं होतं तेच, एकेक शब्द. मी नाडी सोडतच राहिलो.

सोमवारी मी रजेचा अर्ज दिला आणि मुंबईच्या गाडीची तिकिटं काढली. तिघांची. पाण्याच्या दिवशीची. तिकिटं आईसमोर धरली तर ती म्हणाली, "आता कशाला? बगून आले की."

"आई, तो समुद्र नव्हता."

"ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय." ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. "गल्लीला सांगून बसलेय मी. आता पुन्ना निगाले तर मावशी इचारंल, पयला कुटला व्हता? काय सांगू? लेकानं शेततळ्यावर न्हेलतं?"

"मी सांगतो मावशींना."

तेव्हा तिने वर पाहिलं. "सांगशील?"

मी व्हय म्हणालो.

तिकिटं शुक्रवारची आहेत. आज बुधवार. मावशींचं दार आमच्या दारापासून दहा पावलांवर आहे आणि मी अजून तिथपर्यंत पोहोचलेलो नाही.