इनासबाबांचा मेन कोर्स

आईवडिलांनंतर मी कुणाचा ऋणी असेन, तर तो इनासबाबांचा. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांच्या मुलीचा, लुर्डिसचा फोन आला. "पापा गेलो रे..." एवढंच ती म्हणाली. मी केटरिंग कॉलेजात मुलांना टेबलसेवा शिकवतो. त्या दिवशी फळ्यावर 'मेन कोर्स' हे शब्द लिहायचे होते. मी ते लिहिले, आणि खडू हातात धरून फळ्याकडेच बघत राहिलो. मुलं वह्या उघडून बसली होती.

गोव्यात कोकणी की मराठी, या भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते. पेडण्याकडच्या पार्से गावातल्या आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात मी उमेदवारीवर लागलो, तेव्हा बाबांनी देवळात नारळ ठेवला आणि गावभर सांगितलं. इनासबाब तिथे कॅप्टन होते, म्हणजे जेवणघरातल्या सगळ्या वाढप्यांचे प्रमुख. तरुणपण बोटीवर गेलेलं, पांढरा कोट, ताठ मान. रस्त्यावर मोर्चा निघाला की ते मला मुद्दाम विचारायचे, "कितें रे मराठी, आयज खंयच्या बाजून?" मी म्हणायचो, "तुमच्या विरुद्ध, इनासबाब." मग ते हसायचे आणि माझा बो टाय सरळ करायचे.

त्यांना काम करताना पाहणं ही एक अजब गोष्ट होती. खांबापाशी उभे राहत. कुणाकडे बघतायत असं वाटायचंही नाही. मध्येच स्वयंपाकघराच्या दाराकडे दोन बोटं उचलायचे. इकडे पाहुणा सूपचा चमचा खाली ठेवून मागे रेलायचा आणि त्याच क्षणी वाफाळती प्लेट त्याच्या पुढ्यात यायची. टेबलावरची बडबड थांबायची. मी घड्याळ बघून अंदाज घ्यायचो, तो चुकायचा. त्यांचा चुकलेला मी कधी पाहिला नाही. पुढे खूप मोठी हॉटेलं पाहिली, पण अंगावर तसा काटा पुन्हा आला नाही.

माझ्या एकट्यावर पहिल्यांदा टेबल सोपवलं, तेव्हा परदेशी पाहुण्यांचं एक कुटुंब होतं. मेन कोर्सचा अर्थ मी डिक्शनरीत पाहिला होता, मुख्य पदार्थ. तो केव्हा आणायचा, ते डिक्शनरीत नव्हतं. घड्याळाचा अंदाज चुकणारच, म्हणून मी सूप, सॅलड, मासा, बटाटे, कॅरॅमल पुडिंग असं सगळं एकदम नेऊन टेबलावर नीट मांडलं आणि मग म्हटलं, प्लीज. बिचारे माझ्याकडे बघतच राहिले. त्यांचं सूप संपेपर्यंत माशावरचं लोणी थिजलं. मॅनेजर आत येऊन ओरडला, "पेडण्याचं लग्न लागलंय का इथे? रविवारचं टेबल ही तुझी शेवटची संधी. पुन्हा असं झालं तर बॅग भर आणि घरी जा." घरी... त्या देवळावरून कसा जाणार होतो मी?

इनासबाबांनी मला मागच्या व्हरांड्यात नेलं. "कित्याक केलें अशें?" मी सांगितलं, पाहुण्याच्या पानात डाव्या-उजव्या बाजूचं सगळं वाढून झाल्याशिवाय त्याला जेवायला सुरुवात करा म्हणणं आमच्यात बरं दिसत नाही. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुज्या घरा हांव जेवंक येतलों."

आणि सुट्टीच्या दिवशी ते खरोखरच बसनं आमच्याकडे आले, कोट घालून. आईनं केळीचं पान मांडलं होतं. मीठ, लोणचं, सुक्या कोळंबीची किसमूर, भाजी, भात, माशाचं हुमण, वाटीत खीर. पान भरलेलं. मी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघा, मी काय चुकीचं केलं? ते बसले. भात कालवला, पहिला घास घेतला, डोळे मिटले. दारात उभी असलेली आई तेवढ्यात आत वळली. तव्यावर चर्र झालं. थोड्या वेळानं ती इसवणाची, म्हणजे सुरमईची, तुकडी घेऊन आली, कडा अजून तडतडत होत्या.

"मगाशीच वाढूक जाय होती गे आई," मी म्हणालो.

"गप रे! मगाशी वाढून थंड तुकडी घालू इनासबाबांक? पयलो घास पोटात गेलो, खांदे सैल पडले, मगे तवो ठेवचो."

इनासबाबांचा हात पानावरच थांबला. आपल्याच कामातलं कुणी भेटावं तसे ते आईकडे बघत राहिले. मग अंगणात हात धुताना मला म्हणाले, "हो मेन कोर्स, पुता. तूं पान घेवन आयलो, पूण आवयक घरा दवरून आयलो."

खरंच, आईला मी घरीच ठेवून आलो होतो. वीस वर्षं मी त्या पानावर जेवत होतो, आणि आई दारात कशासाठी उभी राहते ते मला माहीत नव्हतं.

रविवारी मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. खांबापाशी उभा राहिलो. इनासबाब समोरच्या भिंतीशी उभे होते, पण त्यांनी एकदाही बोट उचललं नाही. टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईंनी चमचा ठेवला, काहीतरी बोलून हसल्या आणि त्यांचे खांदे खाली आले... मी आत वळलो. प्लेट ठेवली तेव्हा टेबल गप्प झालं. मॅनेजरनं पुढे कधी बॅग भरायला सांगितलं नाही.

गोवा राज्य झालं, इनासबाब निवृत्त झाले, मी शिकवायला लागलो. गेल्या वर्षी त्यांची तब्येत बिघडल्याचं कळलं, तेव्हा मी पत्र पाठवलं. लुर्डिसनं ते त्यांना वाचून दाखवलं. "मराठी आसा, पूण बरें आसा," असं म्हणाले म्हणे, आणि मग, "हांव येतां म्हण सांग ताका." त्यांचं येणं झालं नाही. चर्चमधल्या महिन्याच्या मिसेनंतर, म्हणजे त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेनंतर, तिनं ते पत्र माझ्या हातात ठेवलं. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात होतं.

"तीर्थरूप इनासबाब यांस, साष्टांग नमस्कार. आई आता फारशी उभी राहत नाही, पण तुमचं नाव काढलं की उठते. तुम्ही कधी येणार असं विचारते. बरं वाटलं की लुर्डिसला घेऊन या, कोट घातला नाहीत तरी चालेल. पान मी मांडेन, ते मला येतं. इसवणाला मीठ-हळद लावून ठेवते म्हणते, पण तवा आधी ठेवणार नाही. तुम्ही सावकाश बसा. पहिला घास घ्या. ती दारातच आहे."