मिशीवालीचं अंडं

अक्काच्या परसातल्या कोंबड्यांत एकीसारखी दुसरी नव्हती. पांढरी लेगहॉर्न अंगाने काटकुळी, पण अंडं मोठं आणि चुन्यासारखं पांढरंशुभ्र. तांबडी थोराड, तिचं अंडं कडक चहाच्या रंगाचं. गावठीचं अंडं एवढंसं, मुठीत झाकून जाईल असं, सायीच्या रंगाचं. आणि एक होती मिशीवाली. तिच्या गालांवर पिसांचे झुपके होते, म्हणून ते नाव. तिचं अंडं निळसर हिरवं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, अक्काने रंगवून ठेवलंय.

अक्काचं अख्खं आयुष्य दवाखान्याच्या चादरी धुण्यात गेलं. वाफेच्या यंत्रांनी हातांची कातडी सोलवटली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. घरात ती आणि तिचा दीर, दोघंच. दीर बसच्या कारखान्यात मिस्त्री होता; निवृत्त झाल्यावर त्याने परसात खुराडं बांधलं. मिशीवाली त्यानेच एका जुन्या सोबत्याकडून पिल्लू असताना आणली, खिशात घालून. एरवी दोघांचं बोलणं बेताचंच, पण कोंबड्यांवरून तासन्‌तास चालायचं.

भिंतीपलीकडे शिंपीणबाई राहायची. तिच्या नवऱ्याने गाड्यांना रंग मारता मारता फुप्फुसं घालवली होती. दिवसभर खिडकीशी बसून असायचा. खुराड्यात कॉकॉक सुरू झालं की अक्का अंडं भिंतीवरून दाखवायची आणि तो दम खात ओळखायचा, "ही तांबडी... पण रंग उतरलाय हिचा."

"सारखी घालतेय ना, म्हणून फिकं पडतंय," अक्का सांगायची. "विश्रांती मिळाली की परत गडद होईल. हा रंग वरवरचाच असतो. मिशीवालीचं तसं नाही, तिचं कवच आतूनही निळंच."

त्या उन्हाळ्यात शहराबाहेरच्या मोठ्या पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरायला लागल्या. साथ होती. आसपासच्या वस्त्यांतला एकूण एक पक्षी मारायचा हुकूम निघाला. आमच्या गल्लीत माणसं आली ती पांढरे डगले घालून, तोंडं झाकून. सोबत जनावरांचा डॉक्टर होता, अगदी तरुण.

"डॉक्टर, माझी एकही आजारी नाही हो," अक्का खुराड्यासमोर उभी राहिली. "तुरे बघा, कसे लालबुंद आहेत."

"दिसतंय मला, बाई. पण आजारी असो नसो, सगळ्याच न्यायच्यात. माझ्या हातात काही नाही."

अक्का बाजूला झाली. एकेक कोंबडी तिने स्वतः धरून दिली, कारण त्यांना धरता येत नव्हतं आणि त्या घाबरून भिंतीवर आपटत होत्या. गोण्या भरल्या. त्या गडबडीत मिशीवाली आपल्या हातात आलीच नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. खुराड्यात पांढरी पूड मारली. माणसं निघून गेल्यावर अक्का हात धुवायला न्हाणीघरात गेली, तर टॉवेलाने झाकलेल्या टपात काहीतरी हललं.

"भावजी!" ती दबक्या आवाजात ओरडली. "हे काय करून बसलात?"

दीर दारात उभा होता. "एकच ठेवली, वहिनी. सगळ्या जाताना नाही बघवल्या मला."

तिने तेव्हाच हाक मारून डॉक्टरला परत बोलवायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं. तिने टॉवेल परत टपावर टाकला.

अंधारात कोंबडी गप्प बसते. मिशीवाली ओरडली नाही, पण काही दिवसांनी तिने अंडं घातलं. दिराने ते उकडून खाल्लं आणि कवच सवयीने कुंडीत चुरून टाकलं. सकाळी भिंतीवर कपडे वाळत घालताना शिंपीणबाईला अक्काच्या कुंडीत एक तुकडा दिसला. उलटा पडलेला, आतला पापुद्रा अजून ओला, आणि आतूनही निळा.

ती तडक मागच्या दाराशी आली. "अक्का, खरं सांग. आहे ना घरात?"

"काय आहे?"

"मला वेडी समजतेस? यांच्या छातीत जागा नाही उरलेली. काही झालं तर कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"जुनं कवच असेल गं," अक्का म्हणाली. तिने नजर मात्र वर केली नाही.

शिंपीणबाई परतली. दुसऱ्याच दिवशी तिच्या नवऱ्याला ताप भरला. नवऱ्याला दवाखान्यात सोडलं आणि तिथूनच ती कोंबडीची खबर द्यायला सरकारी कचेरीत गेली. दुपारी डगलेवाले पुन्हा आले. दीर तोंड उघडणार, एवढ्यात अक्का म्हणाली, "मी ठेवली होती. यांना काही माहीत नाही." डॉक्टरने दोघांकडे पाहिलं आणि मिशीवालीला गोणीत घालायला सांगितलं. या वेळी गल्लीतली सगळी दारं किलकिली होती. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "म्हातारीने आपल्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ केला."

शिंपीणबाईचा नवरा त्याच आठवड्यात गेला. अक्का तिच्या घरी गेली तेव्हा तिथल्या एका बाईने आतून दार लोटून घेतलं. आता अक्काकडे कुणी येईना, नळावर ती आली की बायका बादल्या उचलून सरकायच्या. दीर तर खोलीतून बाहेरच पडेना. जेवायला बसला की म्हणायचा, "वहिनी, मी सांगून टाकतो सगळ्यांना." ती म्हणायची, "गप्प जेवा."

साथ ओसरल्यावर तो तरुण डॉक्टर एकदा मुद्दाम आला. अक्काच्या एकाही कोंबडीत रोग सापडला नव्हता, मिशीवालीतही नाही. हे तो दारातच उभा राहून बोलला आणि घाईघाईने निघून गेला. अक्काने ते कुणालाच सांगितलं नाही. सांगून काय मिळणार होतं? पण शिंपीणबाईच्या कानावर गेलंच, आणि एका दुपारी ती पुन्हा मागच्या दाराशी आली.

"माझ्या नवऱ्याला तुझ्या कोंबडीने काही केलं नव्हतं म्हणे."

"नव्हतं."

"मग मी सांगायला गेले नसते तर चाललं असतं."

अक्काने दार पूर्ण उघडलं.

"कचेरीत बसवून ठेवलं होतं मला. उशीर झाला," शिंपीणबाई म्हणाली. "दवाखान्यात परत आले तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. त्याआधी मला विचारत होते म्हणे. एकटेच होते गं."

अक्काने तिला आत घेतलं, पाटावर बसवलं आणि चहा टाकला. आतल्या खोलीत दिराने सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला, "कोंबडी मी ठेवली होती, वहिनीने नाही," एवढंच बोलला आणि भिंतीला टेकून खाली बसला. शिंपीणबाईने त्याच्याकडे पाहिलं. रागावली नाही. कुणावर रागवायचं, हेच तिला उमगत नव्हतं. चहा तिने पुरा प्यायला नाही.

पावसाळा सरल्यावर ती बहिणीकडे कायमची राहायला गेली. सामान टेम्पोत चढवायला गल्लीतली माणसं आली होती, पण शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा अक्काने आणि दिरानेच उचलला. वर चढवताना दिराचा हात सटकला, बोटं चेंगरली. दुसऱ्या हाताने त्याने तो आत ढकलला. टेम्पो वळल्यावर अक्काने त्याचा हात आपल्या हातात धरला आणि घरात नेऊन थंड पाण्यात बुडवून ठेवला.