टेकडीवर कोणी नव्हतं

इमिना तसा वाईट माणूस नव्हता. ग्रीनलंडच्या पार उत्तरेच्या त्या गावात त्याच्याहून बर्फ जास्त कळणारे होते, पण परक्यांशी बोलायची हिंमत त्यालाच. म्हणून उन्हाळ्यात प्रवाशांचं जहाज आलं की वाटाड्या म्हणून त्यालाच बोलावणं यायचं.

त्या सकाळी जहाजावर शंभर वर्षांपूर्वी ध्रुवाकडे निघालेल्या कुणा साहेबाची गोष्ट रंगली होती. इमिनाला राहवेना. "त्याची कुत्र्यांची गाडी माझ्या पणजोबानं हाकली," तो बोलून गेला. "दोघं हिवाळाभर राहिले त्या झोपडीचे दगड आहेत अजून, खाडीच्या आत."

झालं. सगळे म्हणाले, दाखवा!

खाडीच्या आत इंजिन न्यायचं नाही, हा गावचा नियम. तिथे नारव्हाल, म्हणजे लांब सुळ्याचे देवमासे येतात, आणि त्यांची शिकार कयाकमधून, म्हणजे एकट्याच्या चिंचोळ्या होडीतून, वल्ह्याचा आवाजही न करता करायची. इमिनानं टेकडीकडे पाहिलं. मासे यायचे असले की बायका तिथे दुर्बिणी घेऊन बसतात. टेकडी रिकामी होती. म्हणजे मासे नाहीत, असं त्यानं धरलं. धरणं सोयीचंही होतं.

इमिना आणि प्रवाशांना घेऊन जहाजाच्या रबरी बोटी घुरघुरत वळणापलीकडे गेल्या. समोर हिमनगाच्या आडोशाला त्याच्या बहिणीचा नवरा मितेक भाला उचलून बसलेला. पाणी उसळलं, काळ्याकरड्या पाठी बुडाल्या, खाडी निपचित झाली. मितेकनं वळून पाहिलं, पण जहाजाच्या लाल जाकिटांच्या गर्दीत त्याला इमिना ओळखू आला नाही.

जेवायला इमिना बहिणीकडेच गेला. शेजारीही जमले होते.

"त्यांना काय, फोटो निघाला की पोट भरलं!" एक शेजारी म्हणाला.

"दादा, तू होतास ना जहाजावर?" त्याची बहीण तुकुमेक म्हणाली. "विचार की त्या कप्तानाला, अक्कल घरी ठेवून आलास का!"

"विचारतो," इमिना म्हणाला. सगळे हसले.

शेजारी गेल्यावर तिनं मागच्या आठवड्यातल्या माशाची चरबीसकट कातडी कापली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"यंदा तुझ्या वाट्याला एवढंच," मितेक ओशाळून म्हणाला. "राग मानू नको, इमिना. हातचा गेला बघ."

आपलीच माफी मागतोय हा! इमिनाचं डोकं खाली गेलं.

"दाजी, बोटी मी आणल्या."

मितेक चावता चावता थांबला. "टेकडी बघितली नाहीस?"

"बघितली. कोणी नव्हतं."

"मासे शिरले म्हणून सुरे आणायला उतरलो होतो आम्ही!" तुकुमेक ओरडली. "एवढंही ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक होतं."

मग मितेकनं ताटली पुन्हा त्याच्याकडे ढकलली.

"खा. वाटा तुझाच आहे. आणि उद्या किनाऱ्यावर सगळ्यांना तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

वाटा नाकारायची तिथे रीत नाही. इमिना खात राहिला. तुकुमेक पाठमोरी उभी राहून सुरा पुसत होती.