पेंटरची सही

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. अर्ध्या बाजारपेठेच्या पाट्या त्याच्या हातच्या. पट्टी न लावता, नुसत्या नजरेवर अक्षरं अशी बसवायचा की बघत राहावं. आणि तोंड? ते विचारूच नका! कुणी अंगठा उठवताना दिसला की ‘या अंगठेबहाद्दर!’ म्हणून त्याची फिरकी घेतलीच म्हणून समजा.

लेकीला परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिकडे शिकायचं तर वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच तिकडच्या बँकेत ठेवावे लागतात. पेंटरने होतं नव्हतं ते गोळा करून पाठवलं. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. चालायला लागला, पण उजवा हात थरथरायचा तो थरथरतच राहिला. त्यात पोरीचा व्हिसाही नाकारला. बरं, इथल्याच कॉलेजात जागा मिळाली, पण फी महिनाअखेरपर्यंत भरायची. ते पैसे परत आले तरच.

तिकडच्या बँकेने फॉर्म पाठवला: ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याने सही करावी, त्याच्या बँकेने ती तपासावी. आजच्या आज पाठवला तर वेळेत जमेल.

बँकेतल्या मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. पेंटरने सही केली. रेघ पार चौकटीबाहेर गेली. दुसरी केली, तिसरी केली.

“काका, जुळत नाही हो एकही.”

“माझीच आहे की! समोर तर केली!”

“ते मला दिसतंय. पण खातं उघडताना कार्डावर केलेल्या सहीशी जुळायला हवी ना?”

“मी करते,” लेक म्हणाली. “मला हुबेहूब येते. प्रगतिपुस्तकावर मीच करायचे.”

“ताई, असलं निदान माझ्यासमोर तरी बोलू नका,” मॅडमना हसू आवरेना. मग त्या हळूच म्हणाल्या, “अंगठा चालेल. दोन साक्षीदार लागतील.”

वॉचमन आला, रांगेतले एक आजोबा आले. पेंटरने शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला. तो बरोबर चौकटीत बसला. मॅडमनी खणातून शिक्का काढला: ‘खातेदार निरक्षर. मजकूर वाचून दाखवला.’

“अहो, बाबा निरक्षर नाहीत!” लेक कडाडली. “ती ‘चौकशी’ची पाटी त्यांनीच रंगवलीय!”

“माहितीये गं मला. पण अंगठ्याला हाच शिक्का लागतो. नाही मारला तर फॉर्म वरून परत येईल, आठवडा जाईल.”

लेकीने फॉर्म ओढला. “राहू दे कॉलेज! चला बाबा घरी.”

पेंटरने डाव्या हाताने तिचा हात धरला. डोळे भरून आले होते, पण त्याने मॅडमकडेच बघितलं.

“मारा शिक्का.”

शिक्का तिरका उमटला. ‘क्ष’ची शाई फरफटली. एरवी असलं अक्षर दिसलं की पेंटरच्या जिवाचा संताप व्हायचा, आज त्याने नुसती अंगठ्याची शाई पुसायला घेतली.

मग नियमाप्रमाणे मॅडमनी अख्खा फॉर्म पहिल्या ओळीपासून त्याला मोठ्याने वाचून दाखवला. पेंटर समोरच्या ‘चौकशी’कडे बघत ऐकत राहिला, आणि प्रत्येक ओळीला “हो, समजलं” म्हणत राहिला.