पस्तीस पॉइंटांचे दाऊदभाई

दोहात आम्ही मराठी माणसं जमलो की दहा मिनिटांत विषय दाऊदभाईंवर येतो. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला तीन आठवतात. मी त्यांच्या टीमचा मॅनेजर होतो, त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच.

वर्ल्ड कप यायचा होता. अख्खं शहर खणून ठेवलेलं आणि ज्याला त्याला फुटबॉलचं वेड. आम्हीही मराठी मंडळींची लीग काढली. आठ टीम, लिलावात प्रत्येकीला शंभर पॉइंट, वर एकही नाही. पहिल्या वर्षी मी त्यातले पस्तीस एकट्या दाऊदभाईंवर घातले.

भाई रत्नागिरीकडचे, हमद पोर्टवर क्रेन चालवायचे. वय चव्वेचाळीस. मैदानाच्या मधोमध उभं राहून असा पास द्यायचे की आमची पोरं आपोआप गोलसमोर पोचायची. स्वतः मात्र पळायचे नाहीत. पहिल्या मॅचनंतर मी विचारलं, जरा पळाल का? ते शांतपणे म्हणाले, "साहेब, क्रेनमध्ये बसून कोणी पळतं का?"

ती मॅच आम्ही चार-शून्य जिंकलो होतो.

*

दुसऱ्या वर्षी अडचण आली. जुना खेळाडू ठेवायचा तर जुन्याच किमतीला, असा नियम. आमचा गोलकीपर नोकरी सोडून पुण्याला गेलेला, आणि भाईंवर पस्तीस घातल्यावर नवा परवडत नव्हता. कॅप्टन संदेश म्हणाला, भाईंना सोडू, आणि ते तुम्हीच जाऊन सांगा.

शुक्रवारी दुपारी बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत त्यांच्या खोलीवर गेलो. अल रुवैस बंदरावरच्या मित्राने त्यांना ताजा हामूर मासा पाठवला होता. भाईंनी स्वतः कालवण केलेलं. काटे काढून तुकडे माझ्या ताटात ठेवत होते. दोनदा मी विषय काढायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी भात वाढला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, सांगितलंत का? म्हटलं, हो, आणखी दोन वर्षं ठेवतो म्हणून सांगितलं.

*

मग संदेशनेच वाट शोधली. चाळिशीपुढच्या खेळाडूचे निम्मेच पॉइंट धरायचे, असा एक नियम होता. पण भाईंच्या पासपोर्टवर वय अडतीस. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने तारीख लिहिलेली. कमिटीचे सेक्रेटरी भला माणूस. म्हणाले, घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं तरी चालेल.

भाईंच्या आईला गावी फोन लावला, स्पीकरवर. सेक्रेटरींनी अदबीने विचारलं, चाची, दाऊदभाईंचं वय काय? चाचींना वाटलं, वय झालं म्हणून मुलाला कामावरून काढतायत.

"छत्तीस," त्या ठासून म्हणाल्या. "आणि ताकद बघा अजून त्याची."

कमिटीने पस्तीस कायम ठेवले.

*

शेवटी भाईंना सगळं कळलंच. त्यांनी आपणहून मला फोन केला. म्हणाले, मला लिलावात सोडा. माझ्यावर या वयात कोण बोली लावणार? मग तुम्हीच पाच पॉइंटला परत घ्या आणि उरलेल्यात गोलकीपर बघा. खलास. संदेशने बाकीच्या सातही मॅनेजरांशी बोलून घेतलं. भाईंचा मान म्हणून मध्ये कोणी पडणार नाही, असा त्यांनी शब्द दिला.

लिलाव शुक्रवारी सकाळी होता. भाई इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलेले. त्यांचं नाव पुकारलं, बोली पाचपासून. ठरल्याप्रमाणे कोणीच हात वर केला नाही. पुन्हा पुकारलं. पुन्हा कोणी नाही. भाई आपल्या बुटांकडे बघायला लागले.

मी हात वर केला. "पस्तीस."

"सर, पाचही चालतील. समोर कोणी नाहीये," लिलाव पुकारणारा म्हणाला.

"पस्तीस," मी म्हटलं. संदेशने डोकं धरलं.

परत जाताना भाई गाडीत बरवापर्यंत मला बोलत होते. अक्कल गहाण टाकलीत का, टीम बुडवलीत, आता गोलमध्ये कोण उभं राहणार, वहिनी? गेटपाशी उतरले, दार आपटलं, चार पावलं गेले आणि परत आले. काचेवर टकटक केलं. मी काच खाली घेतली.

"साहेब, मागच्या रांगेत नीट ऐकू आलं नाही. कितीला म्हणालात?"

"पस्तीस."

त्यांनी कान खिडकीशी आणला.

"परत एकदा सांगा," म्हणाले.